दुसरी थाप

काळा कापडी बूट, उजव्या पायाचा. नाडीखालच्या जिभेत शिवलेली लोखंडी पट्टी, चार बोटं लांब.

एक चमचा. डाव्या हातात बसावा म्हणून दांडा वाकवलेला.

भिंतीवर पिक्चरचं पोस्टर : ‘भावाचं रक्त विसरणार नाही!’

मांडीवर दोन थापा.

या थापांचं असं होतं. मारामारीच्या शूटिंगला फाइट मास्तरांचा एकच कायदा. मार खाणाऱ्याने आपल्या मांडीवर दोनदा थाप मारायची. पहिली म्हणजे उभा आहे, दुसरी म्हणजे ये. दुसरी ऐकल्याशिवाय कुणी पाय उचलायचा नाही. चार वर्षांपूर्वी हिरोने पहिल्याच थापेवर लाथ घातली. समोर स्टंट करणारा तिचा दादा होता. मानेवर बसली, उजवं अंग गेलं ते गेलंच. “टायमिंग चुकलं यार,” हिरो म्हणाला. तो शॉट पिक्चरमध्ये टाळ्या घेऊन गेला.

आज मुखवट्यातली मारेकरी ती होती, त्याचीच बहीण, तीही स्टंटवाली. हिरोच्या कानाखाली लाथ. कॅमेऱ्याला लागल्यासारखी दिसायची, प्रत्यक्षात वीतभर लांबून.

“हळू हं ताई,” हिरो हसला. “या नाकावर अख्खा पिक्चर उभा आहे.”

“तिची काळजी नको,” मास्तर म्हणाले. “हे काम हिच्या घरातच आहे. दादा आठवतो ना हिचा?”

हिरोचं हसू ओठांवरच वाळलं.

कॅमेरा सुरू झाला. तिने अंग वळवून पवित्रा घेतला.

थाप.

दुसरी येईना. हिरोचा हात मांडीच्या वर अधांतरी राहिला. डोळे तिच्या बुटावर.

आत्ता घातली तर? कोण काय बोलणार? टायमिंग चुकलं. चार वर्षं तिने हे दोन शब्द गिळले होते, आज नुसते परत करायचे होते. पट्टी पावलाला टोचत होती.

“अगं, मार की!” मास्तर ओरडले.

“एकच झालीये, मास्तर.”

हिरो ओठ न हलवता पुटपुटला, “मुद्दाम नव्हतं गं ते.”

“दुसरी दे.”

“शप्पथ, मुद्दाम...”

“दे.”



थाप.

पाय सुटला. हिरोच्या कानावरचे केस वाऱ्याने उडाले आणि बूट बोटभर अलीकडे थांबला. हिरो मात्र तसाच कोसळला, डोकं दोन्ही हातांत धरून.

“काय पडला राव!” दिग्दर्शक खूश. “पण चेहरा फार घाबरलाय. परत घेऊ.”

ती आपल्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

“चला,” ती म्हणाली. “दोन थापा.”

संध्याकाळपर्यंत नऊ वेळा घेतलं. नऊही वेळा त्याने दोन थापा दिल्या आणि नऊही वेळा तिने त्या ऐकल्या.

सकाळी त्या बुटाची नाडी दादाने डाव्या हाताने बांधली होती; बांधताना त्याचं बोट तिने रात्री शिवलेल्या पट्टीला लागलं होतं, आणि तो काही बोलला नव्हता.