साडूचं मशीन

मिस्त्रीने दोरीचं एक टोक मागच्या लोखंडी घोडीला बांधलं, दुसरं ताणत पुढच्या घोडीपर्यंत आणलं आणि गाठ मारण्याआधी बोटाने एकदा छेडून पाहिलं. पांढऱ्या गाडीच्या अंगाला समांतर, चाकांच्या मध्यावरून दोरी ताठ झाली. गाडी आज सकाळीच खाली बसवली होती. जुन्या स्प्रिंगा काढून आखूड घातल्या होत्या आणि चाकं मडगार्डात अशी शिरली होती की गाडीचा मालक, कोपऱ्यावरचा औषधवाला, मुलगी पाहायला आल्यासारखा तिच्याभोवती फिरत होता.

"मिस्त्री, गाडी खाली केली की अलाइनमेंट करावं लागतं म्हणतात."

"लागतंच. तशीच चालवलीत तर टायर आतल्या बाजूने खाऊन टाकेल."

"मग समोर नेऊ का? त्यांच्याकडे मशीन आहे."

मिस्त्रीने दोरीवरची नजर न काढता विचारलं, "आणि मी ही दोरी काय कपडे वाळत घालायला बांधतोय?"

औषधवाला हसला. दाराजवळच्या टेबलामागे फोन सांभाळत बसलेली मिस्त्रीची बायको मात्र हसली नाही.

समोर म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, आणि पलीकडे म्हणजे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आख्खं गाव सोडून त्याने दुकान थाटलं ते बरोबर मिस्त्रीच्या नाकासमोर. काचेचं दार, पांढऱ्या फरशा, आणि चाकांना पंजे लावले की पडद्यावर लाल-हिरवे आकडे नाचवणारं ते मशीन. गाडी सरळ चालते की नाही हे तो माणूस चाकाकडे न बघता पडद्याकडे बघून सांगायचा आणि लोक माना डोलवायचे. सासरी गेलं की सासरे धाकट्या जावयाला शेजारी बसवून मशीनची चौकशी करत, आणि थोरल्याला विचारत, "तब्येत काय म्हणते?"

मिस्त्री जळायचा. चांगला धूर निघेल इतका जळायचा. साडूच्या दारात दोन गाड्या उभ्या दिसल्या की त्याला दुपारचं जेवण जायचं नाही, आणि एकही दिसली नाही की आजच बंद का म्हणून दहादा मान वळवून बघायचा. त्यात साडू वाईट माणूस असता तर सोय होती. तो समोर दिसला की वाकून "दादा" म्हणायचा, आणि त्या नम्रपणानेच मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका गोष्टीवर मात्र मिस्त्री ठाम होता. त्याने बसवलेली गाडी दोरीवर लागेल आणि त्याच्याच हाताने लागेल. चाकाच्या पुढच्या कडेपासून दोरी किती लांब, मागच्या कडेपासून किती, हे उकिडवं बसून, एक डोळा मिटून बघायचं, आणि स्टेअरिंगचा रॉड केसभर फिरवायचा. गावात त्याचं नाव होतं ते या नजरेमुळे. स्प्रिंगा काय, कुणीही बदलतो. एक गाडी जरी पलीकडे पाठवली, तर उरलं काय? पाना फिरवणारा एक म्हातारा.

त्याने दोन्ही बाजू लावल्या, रॉडचा नट आवळला, आणि डब्यातल्या पिवळ्या रंगाने नटावरून रॉडवर एक बारीक रेघ ओढली. नट पुढे कधी हलला तर रेघ तुटते, लगेच कळतं. ही त्याची जुनी सवय होती.

"घेऊन जा. हात सोडलात तरी सरळ जाईल."

औषधवाला टेबलापाशी जाऊन मिस्त्रीच्या बायकोशी काहीबाही बोलला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात तो परत आला. खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो, एवढीच तक्रार होती.

"पण मिस्त्री, चालते काय! खरंच हात सोडून बघितला. नाकाच्या रेषेत जाते. तुमच्या नजरेला तोड नाही."

मिस्त्रीने हे जरा मोठ्याने बोलायला लावलं. "काय म्हणालात?" असं विचारून, पलीकडे ऐकू जाईल इतपत. मग गुदगुल्या झालेल्या तोंडाने तो गाडीखाली शिरला.

घासण्याचं कारण लगेच सापडलं. बाहेर येता येता दिव्याचा उजेड डावीकडच्या नटावर पडला आणि तो थांबला. रेघ होती. पिवळीच होती. पण जाड होती, आणि खालच्या टोकाला एक ओघळ सुकला होता. मिस्त्रीने जन्मात कधी ओघळ सोडला नव्हता. त्याने नखाने खरवडलं. वरचा थर निघाला आणि आत त्याची स्वतःची बारीक रेघ दिसली, दोन तुकडे झालेली. नटावर एक तुकडा, रॉडवर दुसरा, मध्ये चांगलं बोटभर अंतर.

कुणीतरी नट सोडून रॉड फिरवला होता, नट पुन्हा आवळला होता, आणि वर रंग लावून ठेवला होता.

तो उठला. हात न पुसता, औषधवाल्याला काही न सांगता रस्ता ओलांडून गेला. काचेच्या दारावर त्याच्या पंजाचा काळा ठसा उमटला.

साडू एकटाच होता. मिस्त्रीच्या बोटावरचा पिवळा चुरा बघून त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"माझ्या गाड्यांना हात लावतोस?"

"दादा, बसा ना."

"लावतोस की नाही?"

"लावतो."

"सासऱ्यांना सांगायला? मेजवानीत हसायला?"

"कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या हिलासुद्धा नाही. गिऱ्हाइकालाही म्हणतो, दादांचं काम चोख आहे." साडूने खाली ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं. "ताईंनी सांगितलं होतं."

मिस्त्रीला क्षणभर कळेना की कोण ताई.

"तुमच्याकडून गाडी निघाली की त्या गिऱ्हाइकाला सांगतात, समोरचंही आमचंच आहे, जाता जाता एकदा दाखवून जा. रंगसुद्धा त्यांनीच आणून दिला. तुमच्या डब्यातला, बाटलीत काढून."

"कधीपासून?"

"उन्हाळा लागला तेव्हापासून." साडू फरशीकडे बघत बोलत होता. "त्याआधीही कुणी कुणी स्वतःहून यायचे हो. तुमची गाडी मशीनवर चढवली की आकडा जागचा हलायचा नाही. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. एवढं कर्ज काढून मशीन आणलं आणि दोरीवाला तेच सांगतो."

"आणि आता?"

"आता डावी बाजू चुकते. उजवी अजून तशीच असते, डावी तेवढी चुकते."

डावी बाजू तो डाव्या डोळ्याने बघायचा. उन्हाळ्यात त्या डोळ्यापुढे धूळ बसल्यासारखं झालं होतं आणि त्याने दोष दिव्याला दिला होता. दिवा बदललाही होता. बायको तेव्हा म्हणाली होती, एकदा दाखवून या, आणि तो तिच्यावर खेकसला होता.

म्हणजे एवढ्या महिन्यांत जी जी शाबासकी त्याने पलीकडे ऐकू जाईल अशी वदवून घेतली, ती मूळची पलीकडचीच होती. पण त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"ती इथे येते?"

"रंग द्यायला आल्या होत्या. मी चहा मागवला."

"बसली होती?"

साडूने भिंतीकडच्या खुर्चीकडे बोट केलं. साधी खुर्ची होती, वर निळी उशी. मिस्त्री त्या उशीकडे बराच वेळ बघत राहिला. बायको तिथे बसून, चहा पीत, या माणसाला त्याच्या डोळ्याबद्दल सांगत होती. मशीनपेक्षा, सासऱ्यांपेक्षा ही खुर्ची त्याला जास्त झोंबली.

तो परत आला. औषधवाल्याचं काम केलं आणि त्याला वाटेला लावलं. बायकोने त्याच्या हाताकडे पाहिलं, पलीकडच्या काचेवरच्या ठशाकडे पाहिलं, आणि फोन आला नसतानाही उचलून ठेवला. दोघं जेवली. तिने भाजी वाढली, त्याने पुरे म्हटलं.

उन्हं कलताना एक शाळामास्तरीण आली. तिच्या निळ्या गाडीच्या स्प्रिंगा सकाळीच बदलून झाल्या होत्या. दोरी अजून खुंटीलाच होती.

"झाली? आता अलाइनमेंट वगैरे लागेल का हो?"

बायको टेबलामागे ताठ झाली. मिस्त्री हात पुसत राहिला. एक एक बोट, नखं, पुन्हा बोटं.

"लागेल," तो म्हणाला. "समोर न्या. माझा साडू आहे. मिस्त्रींनी पाठवलंय म्हणावं. डावीकडचं नीट बघ म्हणावं."

गाडी रस्ता ओलांडून गेली. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. साडूबद्दलचं जळणं नेहमीसारखंच होतं, जराही कमी नाही. पलीकडे काचेवर उन्हाची तिरीप आली होती आणि आत काहीतरी निळं, काहीतरी पांढरं हलत होतं.

"काय करतोय गं तो?" त्याने विचारलं.

बायको खुर्चीतून उठली.

"इथून दिसत नाहीये मला. तू सांग."

ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. तिने डोळे बारीक करून पलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "चाकाला ते पंजे लावतोय."

"आता?"

"मास्तरीण काहीतरी विचारतेय. तो इकडे हात करून सांगतोय."

"हसतोय का?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

तिने पदराने डोळे टिपले आणि पुन्हा पलीकडे पाहिलं.

"हसतोय," ती म्हणाली. "थोडासा."