बटणांचा दगड

“पंप बंद केलात?”

“केला.”

“दोन्ही?”

“अगं, दोन्ही. म्हणशील तर दिवाही मालवतो. मासे झोपले की तुला चोरी करायला बरं.”

लेक हसली नाही. तिनं डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, तोंडाला मास्क बांधला, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातले आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या आहेत ना, हे पुन्हा एकदा फिरून पाहून आली. मघाशीही ती पाहून आली होती. टेबलावर तिनं घरून आणलेला चहाचा थर्मास होता. इथे चहा करू म्हटलं तर ती कधीच करू देत नसे. वडिलांनी ते आपल्या हातच्या चहाचं कर्तृत्व समजून सोडून दिलं होतं.

दर दुसऱ्या रविवारी सकाळी बापलेकीचा हा सोहळा चाले. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

वडिलांना सगळे ‘कवळीवाले’ म्हणत. दातांच्या दवाखान्यामागच्या एका खोलीत बसून त्यांनी चौतीस वर्षं कवळ्या केल्या. माणूस कधी त्यांच्यासमोर यायचा नाही. यायचा तो त्याच्या हिरड्यांचा साचा आणि सोबत एक चिठ्ठी. तेवढ्यावरून हे मेणात दात मांडायचे, साचा बंद करायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. शहरात निदान चार हजार माणसं त्यांच्या दातांनी हसत होती आणि त्यातल्या एकालाही यांचं तोंड माहीत नव्हतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तोंडं दाखवण्यापेक्षा बघण्यात त्यांना जास्त गोडी. रस्त्यात कुणी बोलायला थांबलं की यांची नजर आधी त्याच्या दातांवर जाई. मग तो काय बोलला ते विचारायची वेळ यायची.

दुसरी गोडी या टाकीची. समोरच्या खोलीतली एक भिंत अडवून बसलेली खाऱ्या पाण्याची टाकी, आत खडक, खडकांवर वाढवलेली जिवंत पोवळी आणि नारिंगी माशांची एक जोडी. बायको टाकीला ‘सवत’ म्हणायची. “मला दोन खोल्या आणि सवतीला अख्खी भिंत!” पण माशांना दाणे तीच घालायची, आणि यांना ताप आला तर पाण्याचं माप तीच पाहायची.

बटणं या टाकीत आली ती सुपारीएवढ्या तुकड्यावरून. कोटाच्या बटणाएवढ्या तपकिरी चकत्या, कडेला हिरवी झालर. फूल म्हणावं तर तो प्राणी, आणि प्राणी म्हणावं तर हलायचं नाव नाही. पहिल्या वर्षी पाच होती, तेव्हा कवळीवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे. दुसऱ्या वर्षी अर्धा खडक गेला. भटाला दिली ओसरी अन् भट हातपाय पसरी. नऊ वर्षं जपलेलं पोवळं बटणांनी बघता बघता झाकून टाकलं. उपटावं तर बुडखा राही, आणि एका बुडख्याच्या जागी पंधरा दिवसांनी दोन बटणं उभी.

“खालच्या कपारीत बघा, आरसा धरा,” लेक म्हणाली.

त्यांनी दातवैद्याचा छोटा आरसा पाण्यात बुडवला. आता त्यांची रीत बसली होती. पंप बंद असले म्हणजे सुटलेला तुकडा वाहत जाऊन दुसरीकडे रुजत नाही. मेण कोरायच्या पटाशीनं बुडखा उचलायचा, लेकीनं बारीक नळीचं तोंड तिथेच धरायचं आणि तुकडा खालच्या बादलीत ओढून घ्यायचा. बटण दाबायचं नाही, दाबलं तर पिचकारी मारतं. जिथे पटाशी पोचत नाही तिथे चुना घट्ट कालवून सुईनं लिंपायचा. प्लास्टर कालवून आयुष्य गेलेल्या माणसाला ते काम म्हणजे हातचा मळ होता.

पंप थांबले की घर फार शांत व्हायचं. कवळीवाल्यांना ते नको वाटे. पण पंप चालू असताना टाकीतलं पाणी जरा उतरलं, की कोपऱ्यातल्या नळीत एक आवाज सुरू व्हायचा. ओढत घेतलेला, मध्येच अडकणारा, पुन्हा ओढलेला. बायको शेवटचे अकरा महिने अशीच श्वास घेत होती. पलंगापासून खिडकीपर्यंत सात पावलं, आणि मध्ये खुर्चीवर मुक्काम. तो आवाज आला की हे हातातलं टाकून उठत आणि टाकीत पाणी ओतत. कितीदा तर घशात घास असतानाच उठले होते.

“बाबा, हे एकच आहे.”

“नीट बघ. मागच्या अंगाला?”

“पाहिलं. सगळा दगड पाहिला. हे शेवटचं.”

कपारीत एक बटण होतं, छोटंसं, झालर पुरती उघडलेली. कवळीवाल्यांनी पटाशी लावली आणि हात थांबला. त्यांना खरंच वाईट वाटलं. हे उपटलं की दर दुसरा रविवार कशासाठी?

“काढा ना.”

त्यांनी काढलं. नळीतून सर्रकन् जाऊन ते बादलीत पडलं. लेकीनं बादलीत ब्लीच ओतलं, झाकण लावलं आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून ती तशीच उकिडवी बसून राहिली. मास्कच्या वर तिचे डोळे भरून आले होते.

“झालं गं, संपलं,” ते म्हणाले. “रडतेस काय वेडे?”

“मीच सांगितलं होतं आईला.”

कवळीवाल्यांनी पटाशी खाली ठेवली.

“त्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, ‘यांनी बटणांचा दगड बादलीत काढून ठेवलाय, घाण वास मारतोय, काय करू?’ मी ऑफिसात होते, घाईत होते. म्हटलं, उकळत्या पाण्यात टाक, काहीही मरतं. बाबासुद्धा सगळं उकळतातच की.” चष्म्याआड तिनं डोळे घट्ट मिटून उघडले. “एवढं बोलले आणि फोन ठेवला. तीन वर्षं झाली, मी घरात पाणी उकळलेलं नाही. चहा तुमचे जावईच करतात, भात हेच लावतात. परवा छोटीची छाती भरली होती. डॉक्टर म्हणाले, वाफ द्या. हे गावाला गेलेले. मी पातेलं घेऊन गॅसपाशी उभी, आणि हात पुढे होईना. ती तिकडे खोकतेय आणि मी उभी. शेवटी शेजारच्या काकूंना हाक मारली. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, बाबा!”

कवळीवाल्यांनी थर्मासकडे पाहिलं. दोन वर्षं तो त्यांच्यासमोर टेबलावर होता.

लेकीनं आईला काय सांगितलं हे त्यांना ठाऊक होतं. बायकोनंच दवाखान्यात, नाकाला नळी असताना, थांबत थांबत सांगितलं होतं. “तिला काही बोलू नका हं. घाई माझीच. म्हटलं, तुम्ही यायच्या आत दगड स्वच्छ करून ठेवावा, तुम्हाला बरं वाटेल.” यांनी मान हलवली होती. आणि बाहेरच्या बाकावर लेकीनं विचारलं होतं, “बाबा, असं होतं हे कुणाला माहीत तरी होतं का?”

“कुणाला माहीत असणार, बाळ,” हे म्हणाले होते.

तेवढं एकच वाक्य. ते त्यांनी काही ठरवून म्हटलं नव्हतं, तोंडातून गेलं. उद्या सांगू म्हणाले. मग बायको जरा बरी होऊ दे म्हणाले. मग ती गेली, आणि मेलेल्या माणसामागे कशाला, म्हणाले. माणसाला न सांगण्याची कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपणहून दारात येऊन बसतात.

“अगं,” ते म्हणाले, “इकडे बघ. मला माहीत होतं.”

“काय?”

“दगड उकळायचा नाही, हे.”

तिनं झाकणावरचे हात उचलले.

“आदल्या संध्याकाळी मी टाकीवाल्या दुकानदाराकडे गेलो होतो. बटणांचं काय करू विचारायला. तो म्हणाला, ‘दगड काढा, लांब नेऊन फेका, पण गरम पाण्याच्या वाटेला जाऊ नका. यांच्यात विष असतं, वाफेतून छातीत जातं.’ स्पष्ट म्हणाला.”

“आणि तुम्ही ऐकलं नाहीत?”

इथे त्यांना एक पळवाट होती. खरं म्हणजे दुकानदार बोलत होता तेव्हा हे त्याच्या वरच्या कवळीकडे बघत होते. उजवीकडचा सुळा केसभर लांब बसला होता आणि प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजत होती. ‘हे दात कुणी केले तुमचे?’ असं यांनी मध्येच विचारलंही होतं. घरी येईपर्यंत डोक्यात तो सुळाच होता.

“ऐकलं होतं,” ते म्हणाले. “त्याच्या दातांकडे बघत होतो, पण ऐकलं होतं. घरी येऊन तुझ्या आईला सांगायचं राहिलं. सकाळी दगड बादलीत काढला, ‘संध्याकाळी बघतो’ म्हटलं आणि कामाला गेलो. बादली स्वयंपाकघरातच ठेवली होती मी.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. दवाखान्यात.”

“हो.”

“तुम्ही म्हणालात, कुणाला माहीत असणार.”

“हो.”

“आईला सांगितलंत? नंतर तरी?”

“नाही.”

“ती शेवटपर्यंत म्हणायची, माझीच घाई नडली.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर कवळीवाल्यांना सोपं गेलं असतं. “तुम्ही समोर बसलेले असायचात, बाबा. तिला मोसंबीचा रस पाजत.”

“हो.”

“आणि इथे दोन वर्षं माझ्या शेजारी बसून हे…” तिनं बादलीकडे हात केला.

तिनं चष्मा काढला. हातमोजे एकेका बोटाला धरून काढले, मास्क काढला, आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धुतले. कवळीवाले टाकीपाशी तसेच उभे होते, कोपरांवरून पाणी गळत. ती आता पर्स उचलून जाईल, असं त्यांना वाटलं. जावंच, असंही वाटलं.

ती स्वयंपाकघरात गेली.

पातेल्याचा आवाज झाला. नळ सुटला, थांबला. लायटर वाजला, पेटला नाही. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा वाजला, आणि गॅस भप्पकन् पेटला.

पंप बंद होते, त्यामुळे घरात सगळं ऐकू येत होतं. पाणी आधी नुसतं सळसळलं, मग तळाशी बुडबुड लागली, मग झाकण थडथडायला लागलं. ते झाकण ऐकून कवळीवाले दोन पावलं पुढे गेले आणि दारात थांबले. लेकीनं झाकण काढलं. ती पाठमोरी होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि ती मागे सरकली नाही. खांदे घट्ट वर ओढलेले, ते हळूहळू खाली आले. तिनं एक मोठा श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

मग तिनं चहा केला. डबे कुठे आहेत ते तिला विचारावं लागलं नाही, आईनं ठेवले तिथेच होते. ओट्याशी उभ्यानंच तिनं तो प्यायला, फुंकर मारत, शेवटच्या घोटापर्यंत. कप विसळून उपडा घातला.

जाताना तिनं पर्स घेतली. दारात चपला घालताना ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “पंप चालू करा. मासे गुदमरतील.”

“रविवारी…” त्यांनी तोंड उघडलं.

पण ती जिना उतरत होती. थर्मास टेबलावरच राहिला होता, भरलेला. तो तिला आता लागणार नव्हता.

कवळीवाल्यांनी पंप चालू केले. बादलीत गेलेल्या पाण्यानं टाकी उतरली होती, त्यामुळे नळीतला तो आवाज लगेच सुरू झाला. ओढत, अडकत, पुन्हा ओढत. आज ते पाणी ओतायला धावले नाहीत. स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसलेला होता. पातेलं गॅसवरच होतं. त्यांनी हात लावून पाहिलं, अजून गरम होतं. आत वाकून पाहिलं. चहाचा थेंब उरला नव्हता.

तिनं पाणी बरोबर एका कपाचंच ठेवलं होतं.