लेकुरवाळीचा मान

खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरांमध्ये सत्यभामेइतका तोरा कुणाचा नव्हता, आणि तिच्या मते त्याला कारणही होतं. चार लेकरं, चारही धडधाकट, थोरला तर ती स्वतः पोरवयात असतानाच झालेला. महालक्ष्म्या घरात आणायचा मान लेकुरवाळीचा, म्हणून दर भादव्यात मुखवटे उंबऱ्यातून आत यायचे ते तिच्याच हातून. धाकट्या जावेची, हेमलतेची कूस उजवली नव्हती. ती दाराशी उभी राहून ताट वाजवायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं; हेमलतेला वाटत असेल, पण तिला विचारतो कोण!

उन्हाळ्यात महिला मंडळात तपासणीचं शिबिर झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ज्यांना मूल झालं नाही, ज्यांनी अंगावर पाजलं नाही, त्यांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त. पुढे त्या असंही म्हणाल्या की कमी वयात आणि पुष्कळ बाळंतपणं झालेल्यांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी, आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं तर एक दिवस थांबू नये. सत्यभामेनं पहिलं तेवढं ऐकलं, दुसरं कानाआड केलं. मग हेमलतेला हाताला धरून तपासायला नेलं ते तिनेच, तेही चारचौघींना सांगून. हेमलतेच्या तपासणीत काही निघालं नाही. ताई, आता तुम्हीही तपासून घ्या, असं ती म्हणाली तेव्हा सत्यभामा हसली. चार लेकरांना पाजलेल्या बाईला काय धाड भरणार, म्हणाली.

भादव्यात, महालक्ष्म्या यायच्या त्याच सकाळी तिच्या अंगावरून गेलं. पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. बाजूला बसावं, तर मुखवटे कोण आणणार? घरात दुसरी सवाशीण एकच होती. सत्यभामेनं कापड घेतलं, तोंडाला कुलूप लावलं, सोवळं नेसली आणि देवींना आत आणलं.

त्यानंतर सांगायची सोयच राहिली नाही. कधीपासून, असं कुणीतरी विचारणार, आणि विटाळात देवीला शिवली हे घरभर होणार. पुन्हा पुन्हा जाऊ लागलं तसा तिने तो देवीचा कोप धरला. नवस बोलली, ग्वारीघाटावर जाऊन नर्मदामाईची ओटी भरून आली. कोप कसला नि काय, दुखणं होतं ते, आणि मुकाट्यानं वाढत होतं. संक्रांतीनंतर कंबर धरली, अंगाला वास येऊ लागला. तिचे यजमान अंबादास फॅक्टरीतून रजा घेऊन तिला दवाखान्यात घेऊन गेले, सोबत हेमलता.

डॉक्टरांनी विचारलं, कब से है. यजमान शेजारीच उभे होते. पंधरा-वीस दिवस, असं ती खाली बघून म्हणाली.

तपासण्यांचे निकाल आले त्या दिवशी डॉक्टरांनी अंबादासांना समोर बसवलं; दोघी जावा मागे उभ्या होत्या. गाठ आजूबाजूला पसरली होती, ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. किरणांचे शेक द्यायचे, सलाइनमधून औषधं द्यायची, त्यानं जेवढे दिवस मिळतील तेवढे.

"ये पंद्रह-बीस दिन का नहीं है," डॉक्टर म्हणाले. "चार-पाँच महीने पहले आतीं, तो बात कुछ और होती."

अंबादास औषधं आणायला गेले. त्यांना चालताना भिंतीचा आधार लागत होता. बाहेरच्या बाकावर दोघी जावाच उरल्या. सत्यभामेला तो माणूस पाठमोरा बघवेना. तिला फार भीती वाटत होती, आणि त्या भीतीपुढे आता लाज टिकत नव्हती.

"महालक्ष्म्यांच्या दिवशी सुरू झालं," ती म्हणाली. "सकाळीच."

हेमलतेनं तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते तिचे.

"मग मला काहून नाही सांगितलं, ताई? दवाखान्यात नेलं असतं तुम्हाला. महालक्ष्म्यांचं काय, मी आणल्या असत्या आत."

सत्यभामा म्हणाली,

"म्हणूनच नाही सांगितलं."

आतून तिचं नाव पुकारलं. तिला एकटीनं उठवेना. हेमलता तशीच बसून राहिली, समोरच्या भिंतीकडे बघत. दुसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा ती उठली, आणि जावेला दोन्ही हातांनी धरून तिने दारातून आत नेलं.