एक टक्का तिश्का

टपालघराच्या भिंतीवरल्या वर्तुळात पिवळी फोड कालपर्यंत सात पूर्णांक दोन दशांश अंशांची होती. आज सकाळी तिश्कानं कोनमापक लावून पाहिला. तीन पूर्णांक सहा. शेजारचा निळा रंग अजून ओला होता.

त्या देशात बरोबर शंभर माणसं राहत. त्यामुळे वंश, भाषा आणि धर्म यांचा तो गोल तक्ता सोपा होता: एक माणूस म्हणजे एक टक्का. परवा तिश्काची आई गेली आणि त्याच घटकेला निळ्यांत एक मूल जन्मलं. निळे एकसष्ट, तांबडे अडतीस, पिवळी एक.

घरं तक्त्यातल्या फोडींप्रमाणे असत, एका टोकाला निमुळती. ती परतली तेव्हा दोन्ही भिंती निम्म्यानं जवळ आल्या होत्या आणि आईची खाट उभी राहिली होती. चुलीकडे, जिथे घराचं टोक होतं, तिथे फक्त एक हात जाई. तिनं एका हातानं चहा केला.

दुपारी तक्तेवाला बाल्दू आला. मागे शेजारचा ओरान होता, निळ्यांतला सुतार. आठ वर्षं तो तिला लग्नाचं विचारत होता आणि आठ वर्षं ती "बघू" म्हणत होती. लग्न झालं की लहान फोडीतल्या माणसानं मोठ्या फोडीत जायचं, असा रिवाज होता.

"तिश्काताई, नवा तक्ता छापायचाय," बाल्दू दारातूनच म्हणाला. आत दोघं मावत नव्हती. "एक टक्का म्हणजे आमच्या रेघेचीच जाडी. निळ्यांत या. खिडकी मिळेल. तुमच्या देवाला प्रार्थनाघरात कोनाडासुद्धा रिकामा केलाय."

"आमचा देव बसत नाही. चालतो."

"बरं, चालू दे. पण तुमची भाषा आता बोलणार कोणाशी? भिंतीशी?"

भिंत बोटभर पुढे आली. तिश्काचा खांदा तिला टेकला.

"ओरान," ती म्हणाली, "आई तुला काय म्हणायची?"

ओराननं घसा साफ केला आणि पिवळ्यांच्या भाषेत एका दमात बरंच काही म्हणून दाखवलं. भिंत थांबली.

"हे काय होतं?" बाल्दूनं विचारलं.

"शिव्या. म्हातारीनं कुंपणावरून शिकवल्या. चारशेएक येतात."

"शिव्या म्हणजे भाषा नव्हे!"

"मग तुम्हाला राग का आला?" तिश्का म्हणाली.

ओराननं खांदा तिरपा केला आणि तो उंबरठ्याच्या आत आला. चौकटीनं त्याची टोपी काढून घेतली, सदऱ्याची दोन बटणं काढून घेतली. तो आणखी आत सरकला. बाल्दूची लेखणी कागदावर अडली होती आणि तिच्याखाली शाईचा थेंब फुगत होता.

"मी ह्याच्याशी लग्न करतेय," तिश्का म्हणाली. "आणि हा इकडे राहणार आहे."