गुणगुणता ग्रंथराज

सभागृहाचं दार उघडायला अजून तासभर होता, तरी रांग पार सायकल स्टँडपर्यंत गेली होती. रांगेतल्या प्रत्येकाच्या छातीशी निदान एक पुस्तक होतं. कुणाचं मोटर वाइंडिंगचं, कुणाचं स्विचगिअरचं, कुणाचं वायरमन परीक्षेच्या प्रश्नोत्तरांचं. आणि प्रत्येक पुस्तक सुतळीने असं करकचून बांधलेलं, की आतली अक्षरं जणू संधी मिळताच पळ काढणार होती.

ग्रंथपालबाई या रांगेत दिराच्या मागे उभ्या होत्या. तंत्रशाळेच्या ग्रंथालयात त्यांची बावीस वर्षं गेली होती, त्यामुळे रांगेतल्या निम्म्या पुस्तकांवरचा शिक्का त्यांना लांबूनच ओळखू येत होता.

"वहिनी, आत गेल्यावर काही बोलू नका हं," दीर चौथ्यांदा म्हणाला.

"मी कशाला बोलू, भाऊजी? तोंडात मिठाची गुळणी धरून बसते."

दार उघडलं आणि एकच झुंबड उडाली. व्यासपीठावर टेबल, टेबलावर लाल मखमल आणि मखमलीवर विटेएवढा जाडजूड एक ग्रंथ. पुठ्ठ्यावर सोनेरी धातूची ठसठशीत अक्षरं, कोपऱ्यांना पितळी टोपणं आणि पानांतून खाली लोंबणारी खुणेची लाल फीत. मागचा पडदा हलला आणि सोनेरी रंग दिलेलं हेल्मेट घातलेले वीजगुरू प्रकटले. टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

"मित्रहो!" गुरू माईकवर गरजले. "सबस्टेशन जळालं! ट्रान्सफॉर्मर वितळला! आणि राखेत काय सापडलं? हा ग्रंथराज! याचं एक पान करपलं नाही! का? कारण सगळी वीज याने पिऊन टाकली!"

"पिऊन टाकली!" सभागृह ओरडलं.

"व्होल्टेज म्हणजे इच्छा! करंट म्हणजे श्रद्धा! आणि रेझिस्टन्स म्हणजे काय?"

"काय?"

"घरात बसून शंका काढणारी बाई!"

सगळे पोट धरून हसले. भाऊजीही हसले आणि मग वहिनी शेजारीच आहे हे आठवून खोकू लागले.

एकेकाला वर बोलावणं सुरू झालं. आधी तांब्याच्या घंगाळात हात धुवायचे, पण पुसायचे नाहीत. मग उजवा तळवा सोनेरी अक्षरांवर, डावा पितळी कोपऱ्यावर. गुरू डोळे मिटून ग्रंथाची फीत हळुवार सरळ करायचे आणि काय आश्चर्य! ग्रंथ आपोआप गुणगुणू लागायचा. गुरू माईक त्याच्याजवळ न्यायचे. सगळ्या सभागृहात भुंगा घुमल्यासारखा आवाज भरायचा.

"ऐका! ग्रंथराज स्वतःचं पारायण स्वतः करतायत!"

मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा एक धिप्पाड गडी वर गेला. गुणगुण सुरू झाली तसा तो वीतभर उडाला. "आलं! आलं! अख्खं तिसरं प्रकरण कोपरापर्यंत आलं!"

भाऊजींचीही पाळी आली. तेही उडाले आणि लहान पोरासारखे खिदळत खाली आले. "दुसरी लहर झाली, वहिनी! आता गुरुवारी तिसरी. की झालो पास!"

निरोप घेताना गुरूंनी बजावलं, "एकदा लहर मिळाली की पुस्तक उघडायचं नाही! उघडलं की काय होईल?"

"गळती!" सगळे एका सुरात ओरडले. दाराशी सिद्ध केलेल्या सुतळीची रिळं विकायला ठेवली होती. ती बघता बघता संपली.

ग्रंथपालबाई मात्र सगळा वेळ गुरूंकडे बघतच नव्हत्या. ग्रंथाच्या पाठीवर हिरव्या कापडाची एक पट्टी होती, तिच्यावर त्यांची नजर खिळली होती. ती पट्टी अंमळ तिरकी बसली होती, आणि अशी तिरकी पट्टी चिकटवणारी बाई जगात एकच होती.

हसण्यावारी नेण्यासारखा हा तमाशा होता, पण बाईंच्या घरात त्यामुळे सुतक आल्यासारखं झालं होतं. भाऊजींचं वय त्रेचाळीस. वीस वर्षं खांबांवर चढून उजवा गुडघा कामातून गेला होता. सुपरवायझरची परीक्षा पास झाले तर पाय जमिनीवर राहणार होते. नाहीतर जन्मभर शिडी. परीक्षेला तीनच संधी होत्या, दोन वाया गेल्या होत्या आणि तिसरी पंधरा दिवसांवर होती. दोन्ही वेळा ते एकाच प्रश्नाला अडले होते: ट्रान्सफॉर्मर बॅटरीवर का चालत नाही? दोन्ही वेळा तिथे कोरी जागा सोडून आले. तरी या खेपेला नेटाने बसले होते, पहाटे उठून वाचत होते. आणि मग हे हेल्मेट गावात आलं. आता भाऊजींची सगळी पुस्तकं सुतळीत जखडून माळ्यावर गेली होती, आणि भाऊजी खुशाल गुडघ्याला तेल चोळत शीळ घालत होते. बाईंचा जीव तीळ तीळ तुटत होता.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात त्यांनी जुनी नोंदवही काढली. अंदाज बरोबर निघाला. विद्युत तंत्रज्ञानाच्या त्या जाड ग्रंथाच्या दोन प्रती होत्या. पहिली अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने नेली आणि ती परत आली नाही. पुढे बाईंच्याच अक्षरात शेरा होता: 'शाळा सोडून गेला.' दुसरी प्रत मात्र कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर होती. बाईंनी धूळ झटकून ती उघडली. पान दोनशे एक्केचाळीसपासून पुढचे कागद कडेला एकमेकांना जोडलेलेच होते. छापखान्यातून आल्यापासून कुणी ते कापलेच नव्हते.

संध्याकाळी त्यांनी तो ग्रंथ भाऊजींसमोर ठेवला. भाऊजी साप पाहिल्यासारखे मागे सरकले. "नको, वहिनी! उघडू नका! दोन लहरी फुकट जातील!"

"बरं, नाही उघडत. एक सांगा, तारेला हात घालायच्या आधी तुम्ही हातात काय घालता?"

"रबरी हातमोजे. का?"

"का घालता?"

"का म्हणजे? झटका बसू नये म्हणून."

"मग गुरुवारी ते घालून तिसरी लहर घ्या. ज्ञान असेल तर रबराला काय भीक घालणार आहे? ते आरपार येईल. आलं तर मी स्वतः ग्रंथालयातलं एकेक पुस्तक सुतळीने बांधून देईन. आणि नाही आलं तर तुम्ही हा ग्रंथ उघडायचा."

भाऊजींनी डोकं खाजवलं. माणूस भोळा होता, पण वीस वर्षं तारांशी खेळलेला होता. हातमोज्यांवर त्याचा गुरूंपेक्षा जास्त विश्वास होता. "ठरलं," ते म्हणाले. "पण हरलात तर रडायचं नाही."

गुरुवारी भाऊजी व्यासपीठावर चढले, घंगाळाला नमस्कार केला आणि खिशातून कोपरापर्यंतचे हातमोजे काढून शांतपणे घातले. सभागृहात खसखस पिकली.

"हे काय?" गुरूंनी विचारलं.

"काही नाही, गुरुजी. सुरू करा."

आता हजार डोळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? गुरूंनी फीत ओढली. ग्रंथ गुणगुणला. भाऊजी उभेच. फीत जोरात ओढली गेली. भुंगा पिसाळला. भाऊजी उभेच.

"आली ना लहर?" गुरूंनी माईक त्यांच्या तोंडाशी धरला, हीच त्यांची चूक झाली.

"नाही हो, गुरुजी," भाऊजी अगदी मनापासून म्हणाले. "काहीच येत नाही."

"रबर म्हणजे अहंकार आहे, बाळा!"

"नाही गुरुजी, रबर म्हणजे इन्सुलेटर आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसण्याची अशी लाट उठली की खुर्च्या करकरल्या. त्या गोंधळात नोंदवही काखेत मारून ग्रंथपालबाई व्यासपीठावर पोचल्यासुद्धा. "व्यत्यय आणते, माफ करा. पण हे पुस्तक अकरा वर्षं परत करायचं राहिलंय."

"बाई, स्पर्श करू नका! हा राखेतून..."

"हा आमच्या दुसऱ्या कपाटातून आलाय. ही हिरवी पट्टी माझी आहे, तिरकी आहे, लाज वाटते पण माझीच आहे." असं म्हणत त्यांनी ग्रंथ उचललाही.

आणि मग जे झालं ते त्यांनी ठरवून केलं नाही. परत आलेलं पुस्तक दोन्ही पुठ्ठ्यांना धरून उलटं करायचं आणि झटकायचं, ही त्यांची बावीस वर्षांची सवय होती. अशा झटकण्यातून आजवर बसची तिकिटं, कंगवे, चष्म्याची काडी आणि दोन प्रेमपत्रं पडली होती. त्यांनी ग्रंथराज उलटा केला आणि सवयीने सणसणीत झटकला.

टेबलावर वायरीने जोडलेले चार बॅटरी सेल पडले. मागोमाग वायरीचं एक गुंडाळं खणकन आदळलं, त्याच्या टोकाला पत्र्याची पातळ जीभ होती. ती अजून थरथरत होती आणि तेवढीच, बिचारी, अजून गुणगुणत होती. मग एक सेल निसटून घरंगळत खाली गेला आणि ग्रंथराजांचं पारायण थांबलं.

रिवाइंडिंगवाल्याने आ वासला. "अरे, ही तर कॉइल आहे! मी रोज गुंडाळतो की रे या!"

बाईंनी ग्रंथ सरळ धरला. आत बऱ्याच पानांना खोल चौकोनी खड्डा पाडला होता, आणि मधली काही पानं तर मुळातच नव्हती. "दोनशे एक्केचाळीस ते दोनशे अठ्ठ्याऐंशी," त्यांनी पानांचे आकडे पाहून सांगितलं. "एक अख्खं प्रकरण कापून काढलंय. विद्युत प्रवर्तन."

मग त्या गुरूंकडे वळल्या. "हेल्मेट काढ बघू."

त्या आवाजाला तंत्रशाळेच्या किती पिढ्या भ्यायल्या होत्या कोण जाणे. गुरूंचे हात आपोआप वर गेले. कपाळावर पांढऱ्या केसांची एक बट बाहेर आली. शाळेत असतानाही त्याच्या काळ्या केसांत ती तशीच पांढरी होती; बाईंनी ती लगेच ओळखली. पहिली प्रत नेणारा, खिडकीजवळच्या टेबलाशी दिवसभर बसून वाचणारा तो मुलगा त्यांना तेव्हा फार आवडायचा. त्यांना राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. "अरे, तू चांगला होतास रे अभ्यासात," त्या म्हणाल्या. गुरू मागे मागे सरकत गेले. मागचा पडदा हलला, आणि हेल्मेट तेवढं टेबलावर राहिलं.

भाऊजींना मात्र या सगळ्याचा पत्ताच नव्हता. दुखऱ्या गुडघ्यावर बसून ते कॉइल न्याहाळत होते. "वहिनी, चार सेल म्हणजे फक्त सहा व्होल्ट. सहा व्होल्टला माणूस उडत नाही. मग हा गडी वीतभर उडाला कसा?"

वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा 'कसा' विचारलं होतं. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांना भर व्यासपीठावर नाचावंसं वाटलं.

"पान दोनशे एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "दुसरी प्रत घरी आहे."

त्या संध्याकाळी भाऊजींनी स्वयंपाकघरातल्या सुरीने एकेक जोडपान कापलं आणि वाचत गेले. कळेना तिथे कॉइल हातात घ्यायची, सेल जोडायचा, पुन्हा वाचायचं. मध्येच ते ओरडले, "वहिनी! ही पत्र्याची जीभ! हिच्यामुळे करंट सारखा जुळतो आणि तुटतो, तीच ती गुणगुण! बदलता करंट असेल तरच वरच्या बारीक तारेच्या दुसऱ्या गुंडाळीत मोठा दाब तयार होतो. नुसती बॅटरी जोडून ठेवली तर करंट संथ वाहतो, पलीकडे काही येत नाही. म्हणून तर ट्रान्सफॉर्मर बॅटरीवर..." आणि ते मध्येच थांबले. हसावं की रडावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

पुढचा आठवडाभर ग्रंथालयाच्या पायरीवर भाऊजींची शाळा भरली. ज्याला हवं त्याने यावं, फीत ओढावी, झटका खावा आणि तो कसा बसला ते समजून घ्यावं. ओले हात कशाला, तर ओल्या कातडीतून वीज सहज जाते. अक्षरं आणि कोपरे धातूचे कशाला, तर ती वायरीची दोन टोकं. फीत कशाला, तर ती ओढली की आतले सेल कॉइलला जोडले जातात. लोक आधी ओशाळून आले, मग खिदळत आले आणि शेवटी वह्या घेऊन आले. सुटलेल्या सुतळीचा केवढा तरी गुंडा ग्रंथालयाच्या कोपऱ्यात जमला.

कुणीतरी विचारलं, "पण बाबा, आपण सगळे वीजकामातले लोक. आपण कसे फसलो?"

भाऊजी म्हणाले, "रोज हात लावतो म्हणून वाटायचं, आपल्याला समजतं. समजत नव्हतं. आणि न समजलेल्या गोष्टीला हात जोडणं सोपं असतं, विचारणं अवघड. कुणी काही अजब दाखवलं, तर आधी विचारा: हे कसं झालं? खरं असेल तर विचारल्याने ते मोडणार नाही. आणि जो म्हणेल उघडू नका, त्याचं तर आधी उघडा. लक्षात घ्या, त्या अख्ख्या सभागृहात हे प्रकरण उघडून, नीट वाचून, समजून घेतलेला माणूस एकच होता. तोच आपल्याला पुस्तकं बांधून ठेवा म्हणून सांगत होता."

भाऊजी परीक्षा पास झाले. ट्रान्सफॉर्मरच्या प्रश्नाला त्यांनी दोन पानं लिहिली, वर आकृती काढली. निकालाच्या दिवशी ते ग्रंथालयात आले आणि दुसरी प्रत काउंटरवर ठेवली. बाईंनी ती उलटी धरून झटकली. आतून सुतळीचा एक तुकडा पडला.

"खूण म्हणून ठेवला होता, वहिनी," भाऊजी म्हणाले, आणि खालच्या फळीवरचं पुढचं पुस्तक काढायला वाकले.