स्तंभनबाबांचा नंदीरथ

उज्जैनला देवांची टंचाई आहे असं त्या गावाचा वैरीही म्हणणार नाही. तरीही त्या रविवारी सकाळी शहरातलं निम्मं फ्रीगंज देवास रस्ता सोडून आत, एका ओसाड मुरमाच्या टेकडीवर लोटलं होतं. कारण तिथे एक ट्रक चढावर उभा राहणार होता. एरवी ट्रक रस्त्यात उभा राहिला की मागचे लोक हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. इथे लोक नारळ घेऊन आले होते.

ट्रक साधा नव्हता. तो विजेवर चालणारा होता, रंगाने भगवा होता, त्याच्या कपाळावर पितळी शिंगं होती आणि त्याचं नाव नंदीरथ होतं. मालक स्तंभनबाबा. बाबा पूर्वाश्रमीचे कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारण्याची पद्धतही नव्हती. चालती वस्तू जागच्या जागी खिळवून ठेवण्याची म्हणे त्यांना सिद्धी होती. सिंहस्थाच्या तयारीसाठी शिप्रेच्या काठी जागोजाग खोदकाम चाललं होतं. कच्च्या उतारांवर माल वाहणाऱ्या गाड्यांची रीघ होती, आणि नव्या विजेच्या ट्रकांचे मालक अजून आपल्याच गाडीला बिचकत होते. अशा वेळी बाबांना नेमकी ट्रकांचीच सिद्धी प्राप्त व्हावी हा योगायोग मानायला भक्त तयार नव्हते. ते त्याला कृपा म्हणत.

ऋता टेकडीवर भक्तीने आली नव्हती, सासूबाईंबरोबर, म्हणजे सुमनताईंबरोबर, आली होती. ती आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवायची. तिचा धाकटा दीर पराग याने नुकताच विजेचा ट्रक घेतला होता आणि आज त्या ट्रकाला बाबांची दीक्षा मिळायची होती. नव्या वाहनाची पूजा घरातल्या वडीलधाऱ्या बाईने करायची, ही त्यांच्याकडची जुनी रीत. सुमनताईंनी घरातल्या पहिल्या स्कूटरपासून प्रत्येक गाडीला हळदकुंकू लावलं होतं. बाबांनी त्या रीतीत आपल्याकडची थोडी भर घातली होती. नुसतं हळदकुंकू लावून सुटायचं नाही. ट्रक चढावर उभा राहिला की वडीलधाऱ्यांनी त्याच्या मागे, उताराच्या अंगाला, त्याच्या सावलीत बसायचं. त्या सावलीत स्तंभनशक्ती झिरपते आणि गुडघेदुखी, मधुमेह, सुनेचं तोंड असं सगळं जागच्या जागी थांबतं.

सुमनताईंचे गुडघे बरेच दिवस कुरकुरत होते. सुनेच्या तोंडाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

ठरल्या वेळेनंतर बराच उशीर करून, म्हणजे बाबालोकांच्या रीतीप्रमाणे अगदी वेळेवर, नंदीरथ आला. शिष्याने तो सरसर चढावर घेतला, मध्यावर नेऊन थांबवला, डॅशबोर्डवर रचलेल्या झेंडूच्या ढिगाला भक्तिभावाने हात लावला आणि दोन्ही हात वर करून खाली उतरला. आत कोणी नाही, चाकामागे दगड नाही, हँडब्रेकचा दांडा तर त्या गाडीला मुळातच नाही. ट्रक हलला नाही. टेकडी जयजयकाराने दणाणली.

बाबा ध्वनिक्षेपक हातात घेऊन म्हणाले, "देख लो बच्चो. इंजीनियर लोग ब्रेक बनाते हैं, हम विश्वास बनाते हैं. ब्रेक घिसता है, विश्वास घिसता नहीं. जिसने पहिये के पीछे पत्थर रखा, उसने हम पर शक रखा."

या शेवटच्या वाक्यावर काही मालकांनी आपापल्या ट्रकांच्या चाकांमागचे दगड पायाने गुपचूप बाजूला सारले.

जयजयकार सुरू होण्याआधी ऋताने एक बारीक आवाज ऐकला होता. शिष्याचा हात झेंडूत गेला त्याच क्षणी मागच्या चाकांपाशी किर्र झालं होतं. हा आवाज ती वर्गात मुलांना मुद्दाम, डोळे मिटून ऐकायला लावायची. विजेच्या पार्किंग ब्रेकची छोटी मोटर चाकाला आवळते तेव्हा असाच आवाज येतो. त्या गाड्यांना दांडा नसतो, एक बटण असतं, आणि ते डॅशबोर्डवर असतं. नेमका तिथेच झेंडू एवढा का फुलला होता हे तिला समजलं. तिला आधी हसू आलं. मग पराग आपला ट्रक चढावर घ्यायला निघालेला दिसला आणि हसू जागीच विरलं, कारण परागच्या ट्रकात झेंडू नव्हता, आणि दीक्षेच्या वेळी बटण न दाबण्याची त्याने बाबांसमोर शपथ घेतली होती.

ती धावत जाऊन त्याच्या खिडकीशी उभी राहिली. उतरताना ब्रेकचं बटण दाबशील ना, असं तिने विचारलं.

"वहिनी, तू पण ना, हर गोष्टीत शक करतेस," पराग म्हणाला. "ह्या गाडीला ब्रेकची गरजच नाही. मी रोज घाटाच्या कामावर जातो, पाय उचलला की आपोआप हळू होते, चढावर थांबवली तर थांबूनच राहते. बाबांच्या फोटोसमोर गाडीची चावी ठेवली तेव्हापासूनच."

ऋताने त्याला समजावलं. पाय उचलल्यावर गाडी हळू होते, कारण तीच मोटर उलट काम करून बॅटरीत वीज भरते. गाडी थांबली की तो जोर संपतो. मग थोडा वेळ ब्रेक आपणहून धरून ठेवले जातात, ते एवढ्यासाठीच की चालकाने पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर नेईपर्यंत गाडी मागे घसरू नये. ती सोय सीटवर बसलेल्या माणसासाठी आहे, उतरून हात जोडणाऱ्यासाठी नाही. तुझी गाडी थोडा वेळ धरते, मग टिंग टिंग करून सांगते की आता सोडते, आणि खरंच सोडते. रोज कामावर उतरताना तू सवयीने बटण दाबतोस, म्हणून आजवर काही झालं नाही.

"टिंग टिंग म्हणजे गाडीचा जप असतो," पराग शांतपणे म्हणाला. "बाबांनी सांगितलंय. जप पूर्ण झाला की स्तंभन पक्कं होतं."

यंत्राने ओरडून धोक्याची सूचना द्यावी आणि माणसाने तिला उदबत्ती ओवाळावी, एवढी अक्कल गहाण टाकलेली तिने आपल्या सगळ्यात ढ विद्यार्थ्यातही पाहिली नव्हती. परागने काच वर केली.

ती मागे वळली. चढाच्या पायथ्याशी, जिथे ट्रकची सावली पडणार होती तिथे सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर सहा-सात म्हातारी माणसं बसली होती आणि मधोमध सुमनताई पाय पसरून, पदर सावरून, डोळे मिटून बसल्या होत्या. उठा म्हटलं तर त्या उठणार नाहीत हे ऋताला पक्कं माहीत होतं. सगळ्यांसमोर सुनेचं ऐकून पूजेतून उठणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वर ट्रक चढू लागला. मोटर, बॅटरी, ब्रेक यांतलं काही आता उपयोगाचं नव्हतं. जे उपयोगी पडणार होतं ते ती सासूच्या घरात सोसूनच शिकली होती: कोणाच्या आधी कोणी बसायचं, कोणाच्या आधी कोणी जेवायचं, पहिला मान कोणाचा, याचं शास्त्र. घरातल्या एका लग्नात चुकून व्याहीबुवांच्या आधी आपल्या काकांना गंध लावलं, त्यावरून तिने वर्षभर ऐकून घेतलं होतं.

ती सुमनताईंच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आई, गुरूंच्या आधी तुम्ही बसलात?"

सुमनताईंनी डोळे उघडले. समोर पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. बाबा वर, मांडवात, कूलरसमोर होते. सुमनताईंच्या चेहऱ्यावर जी शरम उमटली ती गुडघेदुखीपेक्षा मोठी होती.

"अगं बाई, चुकलंच," असं म्हणून त्या काठी विसरून उठल्या. उठता उठता त्यांनी शेजारच्या म्हातारीलाही उठवलं, पलीकडच्या अप्पांनाही उठवलं. गुरूंचा मान आधी, आपण बाजूला उभं राहू, बाबा खाली येऊन पहिले सावलीत बसले की मग आपण. बाकीच्यांनाही ते पटलं. सगळे सतरंजीवरून उतरून पार कडेला, बाभळीपाशी जाऊन उभे राहिले आणि सुमनताईंनी हात जोडून वरच्या मांडवाकडे हाक दिली, "बाबा, पहले आप पधारिए. आपका मान है."

गर्दीने ती कल्पना उचलून धरली. पहले बाबा, पहले बाबा, असा गजर सुरू झाला.

बाबांनी ध्वनिक्षेपक तोंडापासून थोडा लांब धरला. आपण ऊर्जा वरून देतो, खाली बसलो तर ऊर्जा उलटी वाहील, असं त्यांनी समजावलं. भक्त म्हणाले, थोडीशी उलटी वाहू दे. मग त्यांना आठवलं की आज आपलं मौन आहे. ध्वनिक्षेपकावरून मौन जाहीर केल्यावर ते आणखी बरंच बोलले. उकाड्याचं निमित्त सांगितलं, आसन पूर्वाभिमुख नाही म्हणाले, शेवटी शिष्याला बसवतो म्हणाले. शिष्य लघुशंकेला गेला होता आणि बराच वेळ आला नाही.

तोवर परागने ट्रक मध्यावर, नंदीरथाच्या शेजारी थांबवला होता. तो दार उघडून उतरला आणि उघड्या दाराच्या आडच हात जोडून उभा राहिला. ट्रक स्थिर होता. मग ट्रकातून टिंग टिंग आवाज सुरू झाला. परागने डोळे मिटले. भक्तांनी त्या तालावर टाळ्या धरल्या. ऋता ओरडली, "पराग, दारातून बाजूला हो," पण टाळ्यांत तिचा आवाज बुडाला.

जप पूर्ण झाला.

ट्रक आधी अगदी सावकाश मागे आला. उघड्या दाराने परागला ढकलून मुरमात पाडलं, ते नशिबाने कडेला. मग ट्रकाने वेग घेतला. तो सतरंजीवरून गेला, सुमनताईंच्या काठीवरून गेला, पूजेच्या ताटावरून गेला आणि खालच्या मुरमाच्या ढिगात मागचा भाग रुतवून थांबला. टाळ्या कधी थांबल्या ते कळलं नाही. सतरंजीवर चाकांचे दोन काळे पट्टे होते, आणि त्यातला एक बरोबर मधोमध होता. परागने खांदा धरून ते पाहिले आणि तो खालीच बसला. त्याला रडू आवरेना.

ऋता वर गेली. नंदीरथाच्या मागच्या चाकांना तिने आधी मोठे दगड घट्ट लावले, खालची माणसं दूर करवली, वरच्या बाजूने कॅबमध्ये चढली आणि झेंडूचा ढीग उचलून बाहेर टाकला. खाली एक बटण होतं आणि त्यावर लाल दिवा जळत होता. तिने पुढे आलेल्या चार माणसांना तो दाखवला. मग ब्रेकवर पाय ठेवून बटणाने पार्किंग ब्रेक सोडला, पाय हळूच उचलला, टिंग टिंग वाजून संपलं, आणि बाबांचा नंदी जरासा मागे येऊन दगडांवर टेकला.

"हे स्तंभन," ती म्हणाली. "माझ्या वर्गातली मुलं पहिल्या महिन्यात शिकतात."

बाबा असल्या बारीकसारीक गोष्टींनी खचणारे नव्हते. त्यांनी मौन पुन्हा सोडलं आणि ऋताकडे बोट दाखवून गरजले, "इस औरत ने शंका की. शंका से स्तंभन टूटा. रथ इसके कारण लुढ़का."

आणि आश्चर्य असं की गर्दीतल्या काही माना डोलल्या. दिवा पाहिला होता, बटण पाहिलं होतं, चाकाचे पट्टे अजून ताजे होते, तरी डोलल्या. कोणीतरी म्हणालंही, की बात तो सही है, बाई आली नसती तर. ऋताला पहिल्यांदाच भीती वाटली, ट्रकची नव्हे, माणसांची.

तेवढ्यात सुमनताई काठीवाचून चढ चढत वर आल्या. त्यांना धाप लागली होती. त्यांनी मांडवाकडे पाठ केली आणि गर्दीकडे तोंड करून त्या बोलल्या.

"खाली जाऊन ती सतरंजी बघा. मधली जागा माझी होती. हिने शंका घेतली म्हणून मी उभी आहे. तुमच्या बाबांनी विश्वास ठेवायला सांगितला, पण स्वतः सावलीत बसले नाहीत. आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त शंका होती."

मग पायाने सारलेले दगड एकेक जण उचलू लागला. बाबा कूलर बंद न करताच मांडवाच्या मागून निघून गेले.

चढावर गाडी थांबवायची तर आधी पायाचा ब्रेक दाबावा, मग पार्किंग ब्रेक लावून त्याचा दिवा पाहावा, पाय सावकाश उचलून गाडी खरंच धरते का बघावं, आणि मगच उतरावं. उतरल्यावर चाकाला दगड लावावा, दाराच्या आड उभं राहू नये, आणि उताराच्या बाजूला कोणालाही, मग ते कितीही पूज्य असोत, बसू देऊ नये. याला सिद्धी लागत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर आधी विचारावं की तो दाखवणारा स्वतः कुठे बसतो, आणि उत्तर मिळेपर्यंत आपण आपल्या माणसांना घेऊन बाजूला उभं राहावं.