पिकअपच्या नावानं चांगभलं

मी शांतपणे, समजुतीनं बोलेन अशी अपेक्षा ठेवून कोणी बसलं असेल, तर आधीच सांगते, ते जमणार नाही. मी बर्फावर धावणारी गाडी आहे, स्नोमोबाइल. वय पन्नाशीच्या आसपास, रंग मूळचा पिवळा, नाकावर एक जुना ओरखडा. आणि डोकं गेली कित्येक वर्षं तापलेलं.

माझा जन्म क्यूबेकमधल्या एका कारखान्यात झाला. पहिला मालक फ्रेंच बोलणारा म्हातारा शेतकरी होता. त्याची मेपलची झाडं होती. थंडी सरत आली की झाडांना टांगलेल्या बादल्यांतला रस तो माझ्यामागच्या टाकीत ओतायचा आणि मला झाडाझाडांमधून न्यायचा. रस हिंदकळला तर मला नाही, रेस देणाऱ्या स्वतःच्या अंगठ्याला शिव्या द्यायचा. "दूसमाँ, दूसमाँ," म्हणायचा. म्हणजे हळू, हळू. त्याच्या हाताखाली मी एकदाही कोणाला हिसका दिला नाही.

माझी सगळी अक्कल माझ्या क्लचमध्ये आहे. गिअर मला नाहीत. इंजिनाच्या टोकाला दोन तबकड्या, त्यांच्या मधून जाणारा रबरी पट्टा, आणि तबकड्यांना एकमेकींपासून लांब ठेवणारी एक स्प्रिंग. रेस दिली की आतली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात, पट्ट्याला धरतात आणि मी चालू लागते. स्प्रिंग मऊ असेल तर मी पट्टा लवकर आणि अलगद धरते. ताठ असेल तर इंजिन आधी नुसतं किंचाळतं आणि मग एकदम उडी. हे शाळकरी पोरालाही कळेल. मेकॅनिकल इंजिनिअरला कळू नये?

तो इंजिनिअर म्हणजे रविकांत. राहणार ओटावा, आता रिटायर्ड. शहरापासून तासाभरावर तळ्याकाठी त्याचं कॉटेज आहे. शेतकरी गेल्यावर त्याच्या मुलांकडून यानं मला घेतलं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला लाड पुष्कळ केले. घासूनपुसून लखलखीत केलं. दसऱ्याला झेंडूचा हार घातला, हँडलला हळदकुंकू लावलं. मीही भाळले.

मग फेब्रुवारीत त्याची मित्रमंडळी कॉटेजवर जमली. त्यातल्या उन्मेषनं माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "नाइस आहे रे, पण पिकअप काय आहे?"

झालं! आपल्या माणसांना कुठलंही वाहन दाखवा, प्रश्न दोनच. ॲव्हरेज किती देते आणि पिकअप कसा आहे. तिकडे स्कूटरला लावायची ती परीक्षा यांनी सातासमुद्रापार आणली आणि माझ्यासारख्या रस वाहणाऱ्या गाडीला लावली. रविकांतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठवड्याभरात त्यानं माझी मऊ स्प्रिंग काढून दह्याच्या रिकाम्या डब्यात टाकली, डबा शेडच्या फळीवर ठेवला आणि शर्यतीच्या गाडीची ताठ स्प्रिंग माझ्या पोटात बसवली.

त्यानंतर दर हिवाळ्यात माझा तमाशा. गोठलेल्या तळ्यावर मला उभं करायचं, किंचाळायला लावायचं आणि उडी मारायला लावायची. मंडळी टाळ्या वाजवायची. "काय पिकअप आहे, मॅन! अनबिलीव्हेबल!" रविकांत नव्वद किलोचा गडी, त्याला तो हिसका पचायचा. पण जंगलातल्या ट्रेलवर, जिथं वळणावळणानं सावकाश जायचं, तिथं माझा पट्टा घसरून जळायचा. तो नाक दाबून म्हणायचा, "विंटेज आहे, नखरे करणारच." माझे नखरे म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळून घेतलं असतं. पण शीलाचं मी विसरणार नाही.

शीला त्याची बायको, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. चणीनं लहान, वर्षानुवर्षं माझ्या मागच्या सीटवर बसणारी. एका दुपारी ती म्हणाली, "आज मी चालवते." रविकांतनं हो म्हटलं. स्प्रिंगबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिनं बेतानं रेस दिली. मी हलले नाही. तिनं जरा जास्त दिली, तरी नाही. आणखी दिली, आणि मी उडाले. ती मागच्या मागे बर्फावर पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तिला उचलता उचलता तो म्हणाला, "अगं, यू पॅनिक्ड. जपून रेस द्यायची असते."

जपून! तिच्याइतकी जपून रेस मला त्या शेतकऱ्यानंतर कोणी दिली नव्हती.

त्या दिवसापासून ही घटना त्याची हुकमी गोष्ट झाली. जेवणावळ कुठलीही असो, गोष्ट ठरलेली. "आमच्या बाईसाहेबांनी जन्मभर लोकांना बेशुद्ध केलं, पण गाडीपुढे स्वतःच आडव्या!" हशा. दर वर्षी गोष्टीला नवं शेपूट फुटायचं. शेडची भिंत कॉटेजला लागून आहे, मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. शीला साबुदाणा वड्यांचं ताट पुढे करायची. हळूहळू तिलाही वाटू लागलं होतं की चूक तिचीच. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानंच वडे वाढायचे!

या हिवाळ्यात रविकांतच्या पाठीनं दगा दिला. डॉक्टरांनी हिसके बंद केले. लगेच त्यानं मला विकायला काढलं. फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'अमेझिंग पिकअप.'

शीला म्हणाली, "विकायच्या आधी मला एकदा चालवायचीय."

"परत हात मोडून घ्यायचाय?"

शीलानं जुन्या गाड्यांच्या क्लचवरचे व्हिडिओ बघितले, अशी उडी ताठ स्प्रिंगमुळे बसते हे तिला कळलं आणि शेडमध्ये येऊन ती फळीवरचे डबे उघडायला लागली. आपल्या घरात दह्याच्या डब्यात दही सोडून काहीही सापडतं, हे तिला ठाऊक होतं. स्प्रिंग हाताला लागली. मग माझा क्लच उघडून तिनं आतलीही काढली, झाकणाचे बोल्ट थोडे थोडे सैल करत, स्प्रिंग तोंडावर उडू न देता. दोन्ही शेडमधल्या टेबलावर उभ्या करून तळव्यानं दाबल्या. एक जराशी दबली. दुसरी ढिम्म हलेना.

"अहो, इकडे या. हे काय आहे?"

"ती ओरिजिनल. मिळमिळीत होती, म्हणून बदलली."

"केव्हा?"

"उन्मेष पहिल्यांदा आला होता ना, तेव्हा."

"म्हणजे मी पडले त्याच्या आधी."

"अगं, पण त्याचा काय संबंध? मी आरामात—"

"तुम्ही नव्वद किलो, मी बावन्न. तुमच्या वजनाचा डोस मी माझ्या वजनाच्या पेशंटला दिला असता, तर पेशंट पॅनिक झाला म्हणाला असतात?"

तो चहा टाकतो म्हणून घरात गेला. चहा काही आला नाही.

मग तिनं मला सुधारायला घेतलं. तबकड्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्या, जळका पट्टा बदलला, जुनी स्प्रिंग बसवली. पण ती स्प्रिंग आता थकली होती. पट्टा फार लवकर धरायची, रेस न देताही मी सरकायचे. शीलानं स्प्रिंगखाली एक पातळ वॉशर घातला, मला ट्रेलवर नेऊन आणलं, पुन्हा उघडलं. "अजून थोडं," असं पुटपुटत दुसरा घातला. रुग्णाला भूल देताना ती अशीच थोडं थोडं वाढवत असणार. शेवटी एकदा मी हलले आणि कधी हलले ते मलाच कळलं नाही.

काल मंडळी पुन्हा जमली. जेवणं उरकली आणि रविकांतनं सवयीनं सुरू केलं, "आमच्या बाईसाहेबांनी—"

शीला उठली. हेल्मेट घालून बाहेर आली, मला सुरू केलं आणि अंगणातून दोन फेऱ्या मारल्या. किंचाळणं नाही, उडी नाही. मंडळी दारात गोळा झाली. उन्मेष म्हणाला, "रविकांत, पिकअप गेला की रे!"

"अहो, बसा मागे," शीला म्हणाली. "पाठीला धक्का लागणार नाही."

सगळ्यांदेखत तो बसला. आम्ही ट्रेलला लागलो. मागच्या सीटचा पट्टा त्यानं घट्ट धरला होता, मग सैल सोडला. तळ्याच्या वळणावर तो म्हणाला, "शीला, तुझी काही चूक नव्हती. स्प्रिंग मी बदलली होती. तुला सांगायला हवं होतं."

तिनं अंगठा काढला. मी अलगद थांबले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मंडळींना सांगा." आणि मला घराकडे वळवलं.

आता मी शेडमध्ये उभी आहे. जाहिरात शीलानं काढून टाकली. माझा राग गेला का? नाही, इतक्या वर्षांचा राग एका चकरेत जात नाही. तुम्हाला एवढंच सांगते, गाडी बघायला याल तेव्हा पिकअप विचारू नका. आधी विचारा, चालवणार कोण आहे.

काल परत आल्यावर त्यानं सांगितली ती गोष्ट, सुरुवातीपासून, स्प्रिंगसकट. भिंतीतून मी ऐकत होते. या वेळी कोणी हसलं नाही.